साडूंचा अफजलपूरवाला

आमच्या साडूंइतकं लांबचं पाहणारा आणि ताटातली चटणी न दिसणारा माणूस आख्ख्या आळंद तालुक्यात दुसरा नसेल. असलाच तर तो मला कुणी दाखवू नये. एका माणसाला समजून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, दुसऱ्यासाठी आता अंगात त्राण उरलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मूळचे तिथल्याच मादन हिप्परगा गावचे, घरची तुरीची शेती, आणि आळंदला बसस्टँडच्या मागं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. एवढं ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस दिवसभर तूर, सोयाबीन आणि पावसाच्या बातम्या यांत बुडालेला असणार. तसं काही नाही. दुकान माझी मेहुणी चालवते. तिला मी अक्का म्हणतो. गल्ल्यावर अक्का बसते, आणि अण्णा मागच्या कोपऱ्यात युरियाच्या पोत्यांना पाठ लावून कॉम्प्युटरसमोर बसतात आणि विश्वाच्या बालपणातले क्वेसार नोंदवतात.

क्वेसार म्हणजे काय हे सांगायचं काम माझं नव्हे, पण ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि अण्णांनी मला ते इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी चुकणार नाही. अतिशय लांब, जिथून उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वी, सूर्य यांतलं काहीच झालेलं नव्हतं, तिथं काही दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या मेळ्यांच्या, पोटात प्रचंड कृष्णविवरं बसलेली असतात. आजूबाजूचं जे सापडेल ते त्यांत पडतं आणि पडता पडता असं पेटतं की सगळी दीर्घिका त्याच्यापुढं फिकी पडावी. हा क्वेसार. त्यातले थोडे नुसतेच उजळत नाहीत, रेडिओच्या लहरींतही आपल्यापर्यंत पोचतात. "दिवा लावला की उजेड पडतोय, तेवडं तुमाला कळतंय," अण्णा म्हणतात. "पर थोडे दिवे बोंबलतेत बी. मी बोंबलनारे गोळा करायलोय, पावनं." अण्णा त्या काळातले बी. एस्सी. आहेत. गिऱ्हाइकाशी ते कन्नड बोलतात, टेम्पोवाल्याशी दखनी आणि आमच्याशी मराठी. क्वेसारबद्दल मात्र तिन्ही भाषांत बोलतात, त्यामुळे सुटका कुणाचीच होत नाही.

हे खूळ घरात आणलं ते त्यांच्या मुलीनं. ती बंगळूरला नोकरीला आहे. दुकानात कुठला माल किती शिल्लक आहे हे कळावं म्हणून तिनं कॉम्प्युटर आणून दिला आणि जाता जाता, तुमचा वेळ जाईल, असं म्हणून परदेशातल्या कुठल्याशा शास्त्रज्ञांच्या गटाचं पान उघडून दिलं. त्या गटाकडं आकाशाच्या चित्रांचा एवढा ढीग साचलेला होता की घरबसल्या कुणी डोळे लावून मदत केली तर त्यांना हवीच होती. रेडिओच्या चित्रात एक ठिपका असतो. त्याच जागेचं उजेडातलं रंगीत चित्र शेजारी असतं. त्या जागी ठिपका नुसता लाल दिसला, हिरव्या-निळ्याचा मागमूसही नसला, तर तो फार लांबचा असण्याचा संभव असतो, कारण इतक्या लांबच्या वाटेत उजेड ताणून लाल होतो आणि निळा भाग मध्येच कुठंतरी खाल्ला जातो. अण्णांचं काम एवढंच, की पाहायचं आणि लांबचा, जवळचा किंवा सांगता येत नाही, यांपैकी एक म्हणायचं. मुलीचा अंदाज होता की पंधरा दिवसांत कंटाळतील. तिला आता तिकडं बढतीसुद्धा मिळाली, अण्णा अजून पाहतायत.

आता तुम्हाला वाटेल की असा माणूस रात्र रात्र गच्चीवर ताऱ्यांकडं टक लावून बसत असेल. अण्णांनी आयुष्यात हौसेनं कधी आकाश पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात गच्चीवर झोपतात ते जेवण झाल्या झाल्या, डोक्यावरून चादर घेऊन. एकदा ग्रहण होतं तेव्हा गल्लीतली चार माणसं मोठ्या आशेनं दुकानात आली आणि अण्णा, ग्रहण कवा सुटायचं म्हणून विचारू लागली. अण्णा म्हणाले, "मला ठावं न्हाई. देवळात इचारा." लोक गेल्यावर मी म्हटलं, निदान चंद्राबद्दल तरी काही माहिती ठेवावी. तर म्हणाले, "डोळ्यानं दिसतंय ते समदं आपल्या गल्लीतलं हाय, पावनं. गल्लीतल्याची काय चौकशी करायची?"

त्यांची दुसरी खोड म्हणजे आलेल्या माणसाला ते कसे आहात असं विचारत नाहीत, कवा निघालात असं विचारतात. कारण दिसणारी प्रत्येक गोष्ट ही जुनी बातमी असते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. मी कलबुर्गीच्या घरून बसनं अंग मोडून घेऊन पोचतो, पाणी मागतो, आणि हे म्हणतात, "कवा निघालात?" साडेनऊला, म्हटलं. "आन आमची धाकली मेहुनी बरी हाय न्हवं?" बरी आहे, म्हटलं. "साडेनऊला बरी होती म्हना." अशा माणसापुढं बसून चहा घेणं सोपं नाही. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या वडिलांना, मुलाची प्रकृती उत्तम आहे ही बातमी कधीची आहे, असं विचारलं होतं. ते सोयरे अजून आमच्याशी मोजकंच बोलतात.

सगळ्या नातलगांचीही त्यांनी वर्गवारी करून ठेवली आहे, नुसते उजेडाचे कोण आणि आवाजाचे कोण अशी. आमच्या सासूबाई आवाजातल्या, त्याबद्दल घरात कुणाचं दुमत नाही. माझं काय, असं मी विचारायला नको होतं. अण्णांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमी उजेडात बी फिकेच हाव, पर भरवशाचे." मी बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, माझी याहून चांगली पारख कुणी केलेली नाही.

त्या ठिपक्यांना शास्त्रज्ञ लांबलचक आकड्यांची नावं देतात. अण्णांना ती लक्षात राहत नाहीत. आमच्याकडं माणसाला ओळखायचं ते त्याच्या गावावरून, तीच रीत त्यांनी तिकडं चालवली. ठिपका सापडला तेव्हा दुकानात ज्या गावचं गिऱ्हाईक उभं असेल ते त्या ठिपक्याचं गाव. असे निंबर्गेवाले दोन-तीन झाले, एक हिप्परगेवाला झाला, आणि एके दिवशी अफजलपूरकडचा एक उसाचा शेतकरी तणनाशक घ्यायला आलेला असताना अफजलपूरवाला सापडला. अण्णा मागून गल्ल्याकडं आले आणि अक्काला म्हणाले, "अफजलपूरवाला लई लांबचा दिसायलाय गं." अक्का त्या शेतकऱ्याकडं बघून म्हणाली, "मग च्या करते की." शेतकरी चहा पिऊन गेला. अण्णा दिवसभर जेवले नाहीत.

हा अफजलपूरवाला साधा नव्हता. लाल भडक, एकटा, आणि रेडिओत खणखणीत. अण्णांनी तो कळवला, त्यांच्यासारख्याच इतर हौशींनी पाहिला, आणि शेवटी त्या गटाकडून उत्तर आलं की मोठ्या दुर्बिणीनं ज्या थोड्या ठिपक्यांची खातरजमा करायची आहे त्यांत हा घेतला आहे. पाळी यायला वेळ लागेल. खरा ठरला तर क्वेसारांच्या सूचीत जाईल, आणि ज्यानं पहिल्यांदा पाहिला त्याचं नाव सोबत छापलं जाईल. त्या दिवसापासून अण्णा बदलले. दाढी रोज करायला लागले. मला एकदा बाजूला घेऊन, शेजारी कुणी नाही याची खात्री करून विचारलं, "पावनं, नाव छापतेत तितं गाव बी लावतेत का ओ? मादन हिप्परगा म्हून?" मला काय ठाऊक असणार. पण मी म्हटलं, लावत असतील. या माणसानं जन्मात कुणाकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे एक हवं होतं, आणि तेही स्वतःसाठी कमी आणि गावासाठी जास्त.

अशात त्यांचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही, हळूहळू जात होते, लक्षात आलं उशिरा. निंबर्ग्याचा एक जण तुरीची डहाळी घेऊन दुकानात आला. अण्णांनी ती दाराच्या उजेडाला धरली आणि म्हणाले, "पिवळं पडायलंय की ओ समदं." तो म्हणाला, "हिरवंगार हाय की अण्णा. मी अळीची भोकं दाखवायला आनलो." अण्णांना भोकंही दिसली नव्हती. अक्कानं गुपचूप ती डहाळी हातातून काढून घेतली, औषध दिलं, आणि तो गेल्यावर आमच्या घरी फोन केला. माझ्या बायकोचं अशा वेळी एकच वाक्य असतं, तुम्ही जाऊन बघता का. मी जाऊन बघतो. निवृत्तीनंतर मी दुसरं काय केलं हे आठवावं लागेल.

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा तर पिकत आलाय, आधी तो उरकून घ्या, मग डावा. त्यावर अण्णांनी नाही म्हणून सांगितलं. भीती वगैरे काही नव्हती. अफजलपूरवाल्याचा निकाल लागेपर्यंत डोळ्याला हात लावायचा नाही, एवढंच. "लाल कसं दिसतंय त्याचं माप माज्या डोळ्यात हाय," ते म्हणाले. "आता भिंग बदललं की मापच बदललं. माल तोलताना मधीच कुनी तराजू बदलतंय का?" मी त्यांना पुष्कळ समजावलं. तूरडाळ आणि कृष्णविवर यांत फरक असतो इथपर्यंत बोलून पाहिलं. अक्का रडली, मुलीनं बंगळूरहून रागावून पाहिलं. मी आळंदच्या बसमध्ये इतका बसलो की कंडक्टर माझी खुशाली विचारू लागला. दुकानाच्या पायऱ्यांवर दोनदा ठेच लागली, एकदा चहा समजून फिनाइलच्या बाटलीकडं हात गेला, तरी अण्णांचं म्हणणं तेच.

शेवटी मी थकून गेलो आणि थकलेला माणूस कधी कधी बरोबर बोलून जातो. मी म्हटलं, "अण्णा, उद्या तुमचं नाव छापून आलं, खाली मादन हिप्परगा म्हणून आलं, तर ते वाचणार कोण? अक्कानं वाचून दाखवायचं का?" अण्णा बराच वेळ कीबोर्डवरची धूळ बोटानं काढत बसले. मग म्हणाले, "कवा जायाचं?"

ऑपरेशन झालं. आठवडाभर आमच्याकडंच राहिले, काळा चष्मा घालून, माझ्या बायकोच्या हातचं मऊ भात-वरण खात. पट्टी काढली त्या दिवसाची गंमत मी विसरणार नाही. त्यांना निळा रंग दिसायला लागला. इतकी वर्षं पिकत चाललेल्या भिंगानं तो अडवून धरला होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अण्णांना ते आधीच कळलं. मोरीतल्या प्लास्टिकच्या बादलीपुढं ते उभे राहिले ते हलेनातच. मग माझा शर्ट, मग मिठाच्या पुडीवरची अक्षरं, मग खिडकीबाहेरचं आकाश, जे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अक्का त्यांना न्यायला आली तेव्हा तिच्या लुगड्याचा पदर हातात घेऊन म्हणाले, "हे निळं हाय व्हय?" अक्का म्हणाली, "तुमीच आनलाव की दिवाळीला. हिरवं म्हून." आम्ही सगळे हसलो. अण्णा एक डोळा झाकून बघत, मग दुसरा झाकून बघत, आणि लहान मुलासारखे खूश होत. मला वाटलं, चला, माझं काम झालं, आता मी घरी स्वस्थ पडायला मोकळा.

त्यांना आळंदला पोचवायला मीच गेलो. दुकानात शिरल्यावर अण्णांनी देवाला हात जोडले, घोटभर पाणी घेतलं आणि मागं जाऊन कॉम्प्युटर लावला. इतक्या दिवसांनी आधी अफजलपूरवाल्याला भेटायचं, हे ओघानंच आलं. चित्र उघडलं. खुर्ची पुढं ओढली. चष्मा पुसला. मग मान न वळवता म्हणाले, "पावनं, हिकडं या. हितं तुमाला काय दिसायलंय?"

मी वाकून पाहिलं. लाल ठिपका होता. एवढ्या वर्षांत तो मी नीट कधी पाहिलाच नव्हता, नुसतं हो हो म्हणायचो. त्याच्या एका कडेला, अगदी अंधुक, निळसर काहीतरी होतं. मी म्हटलं, "काचेवर धूळ असेल." आणि रुमाल काढून पुसलं. धूळ गेली, निळं राहिलं. मी पुन्हा पुसलं. अण्णांनी माझा हात हलकेच बाजूला केला.

"धूळ न्हाई ती," ते म्हणाले. "निळा उजेड हाय त्येच्यात. म्हंजे लांबचा न्हाई. जवळचाच कुनीतरी हाय, धुळीत बसलेला, म्हून लाल दिसायलाय."

मी म्हटलं, "अहो, बाकीच्यांनीही पाहिलाय ना? त्यांनाही दिसला नाही."

"दिसला आसंल. एका-दोघांनी शंका काडली व्हती. मी भांडून ठेवून घेतलो." मग स्क्रीनवरून बोट फिरवत म्हणाले, "माप माज्या डोळ्यात हाय म्हनालो व्हतो तुमाला."

अशा वेळी माणूस जे बोलतो ते मी बोललो. म्हटलं, आता गप्प बसा. दुर्बिणीतून ते पाहणारच आहेत, काय ते ठरवतील. कुणाला कळणार आहे तुम्हाला कधी काय दिसलं ते? अण्णा माझ्यावर रागावले नाहीत, हेच मला जड गेलं. ते म्हणाले, "त्या दुर्बिणीची येक येक रात मिळायला मानसं वाट बगत बसतेत. येकाची पाळी माज्या मोतीबिंदूपायी वाया कामून घालवू?" आणि दोन बोटांनी, एक एक अक्षर शोधत, त्यांनी त्या गटाला लिहिलं, की हा जवळचा आहे, काढून टाका, चूक माझी आहे. लिहायला त्यांना फार वेळ लागला. मध्ये अक्का चहा ठेवून गेली, तिला कुणी काही सांगितलं नाही. पाठवून झाल्यावर अण्णांनी चहा घेतला आणि म्हणाले, "थंड झालाय." मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. ऑपरेशनला मीच ओढत नेलं होतं. ते केलंच पाहिजे होतं, हेही खरं, पण त्यानं वाईट वाटायचं काही थांबलं नाही.

गटाकडून दोन दिवसांत आभाराचं उत्तर आलं. इतकं चांगलं उत्तर होतं की मला त्यांचा राग आला. अफजलपूरवाल्याची पाळी दुसऱ्या कुणाच्या तरी ठिपक्याला गेली. अण्णांनी मग आपण होऊन, डोळा बिघडत गेला त्या काळातले सगळे ठिपके नव्या डोळ्यानं पुन्हा पाहायला घेतले. निंबर्गेवाल्यांतला एक गेला, हिप्परगेवाला शिल्लक आहे पण त्याच्यावर त्यांचा फारसा जीव नाही. दाढी पुन्हा आठवड्यातून एकदा करतात. बाकी दुकान, तूर, अळी, सगळं ठीक चाललं आहे. पानं आता हिरवी दिसतात.

मधे काही महिने गेले. परवा अक्काचा पुन्हा फोन आला, की डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलेलं ते हे पुढं पुढं ढकलायलेत, तुमचं ऐकतेत, तुमीच येऊन सांगा. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि मी पायात चपला घातल्या.

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अक्कानं मला हातानं मागं जा म्हणून खुणावलं. मी पोत्यांच्या आडून वळलो आणि थांबलो. अण्णा खुर्चीत पुढं वाकून बसले होते. उजव्या डोळ्यावर, म्हणजे नव्या डोळ्यावर, त्यांनी तळहात घट्ट धरला होता. समोर अफजलपूरवाल्याचं चित्र उघडं होतं. डाव्या डोळ्यानं, त्या पिकत चाललेल्या पिवळ्या डोळ्यानं, ते त्याच्याकडं पाहत होते. किती वेळ पाहत होते कुणास ठाऊक. त्या डोळ्याला निळं काहीच दिसत नाही.

मी आल्याचं त्यांना कळलं तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. चोरी पकडली गेल्यासारखं काही केलं नाही. नुसतं म्हणाले, "ह्या डोळ्याला आजून लांबचाच हाय ओ, पावनं."

मी शेजारच्या पोत्यावर बसलो. अण्णांनी पुन्हा उजवा डोळा झाकला, आणि मला वाटलं, बघू दे.

जाताना अक्कानं विचारलं, "काय म्हनले? कवा करायचं?" मी म्हटलं, "राहू द्या थोडे दिवस." ती म्हणाली, "तुमीच आसं म्हनायलाव? कामून?" तिला मी काय सांगणार? म्हटलं, ऊन फार आहे, सध्या नको. डॉक्टरांनी बजावलंय की फार थांबून चालणार नाही, ते मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाईन आणि तेव्हा त्यांना नक्की सांगेन.